जोसेफराव हिरवे यांच्या नावाने चार ओळी

एकोणिसाव्या शतकातला इटालियन ऑपेरा-संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी याच्या नावाचे मराठीत भाषांतर करायचे झाले, तर ते जोसेफ हिरवे असे होईल. इटालियन भाषेत ‘व्हेर्दे’ म्हणजे हिरवा आणि त्याचे अनेकवचन ‘व्हेर्दी’. आपल्याकडचे हिरवे हे आडनावही अनेकवचनीच आहे, त्यामुळे भाषांतर व्याकरणासकट बसते. त्यातल्या ‘जोसेफ’लाही दफ्तरी आधार आहे. 1813 मध्ये पार्माजवळच्या रोंकोले नावाच्या वाडीत हा मुलगा जन्मला, तेव्हा त्या मुलखावर फ्रेंचांचा अंमल होता आणि जन्माची नोंद फ्रेंच भाषेत झाली. गावात खानावळ आणि दुकान चालवणाऱ्या बापाने नाव सांगितले जुझेप्पे, कारकुनाने लिहिले जोसेफ. सरकारी कागदावर नाव बदलून येण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असल्यामुळे, या माणसाविषयी मला पहिल्यापासून थोडी घरची आपुलकी वाटते.

आमच्या इमारतीत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आठ-दहा माणसे एका घरी जमून गाणे ऐकतात. बहुतेक वेळा ख्याल, कधी नाट्यसंगीत, दिवाळीच्या महिन्यात अभंग, असा आमचा साधा शिरस्ता आहे. माझी पाळी आली तेव्हा मी जाहीर केले की या खेपेला हिरव्यांचे संगीत ऐकू. तळमजल्यावरच्या काकांनी चष्मा पुसत विचारले, “कुठले हिरवे? सासवडकडचे?” “नाही,” मी म्हणालो, “रोंकोलेचे.” काकांनी मान डोलावली. ते गाव त्यांनी कोकणात कुठेतरी बसवले असावे.

पहिला मान मी ‘इल त्रोवातोरे’ या त्याच्या ऑपेराला, म्हणजे अथपासून इतिपर्यंत गाऊन सांगायच्या नाटकाला दिला आणि तिथेच फसलो. ऑपेरा लावायचा तर आधी गोष्ट सांगायला हवी, आणि या ऑपेराची गोष्ट सांगणे म्हणजे भिजलेल्या सुतळीची गाठ सोडवणे आहे. एका सरदाराने जिप्सी म्हातारीला चेटकीण ठरवून जाळले; तिच्या मुलीने सूड म्हणून सरदाराचे तान्हे मूल पळवले आणि आगीत टाकायला नेले; पण डोके ठिकाणावर नसल्यामुळे तिने स्वतःचेच मूल आगीत टाकले; मग शत्रूचे मूल आपले म्हणून वाढवले; आणि हे सगळे पडदा वर जाण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी घडून गेलेले. मी पंचवीस मिनिटे बोललो. जिथे जिथे मी ‘भाऊ’ म्हणालो, तिथे तिथे कोणीतरी ‘कोणाचा?’ असे विचारले. शेवटी काका म्हणाले, “जळालं कोणाचं पोर, ते एकदा नक्की करा. आणि चार ओळींत सांगा, मग लावा.” ही कथा रंगभूमीसाठी रचणारा काम्मारानो हा लेखक ती पुरी होण्याआधीच 1852 मध्ये वारला आणि उरलेले काम दुसऱ्याला करावे लागले, हे मी काकांना सांगितले, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही.

पुढच्या महिन्यात मी खरोखरच ओळी करून नेल्या. चार म्हटले होते, आठ झाल्या. पण दोन खुनांना आठ ओळी म्हणजे काही उधळपट्टी नव्हे.

सूड घेऊ गेली बाई,
आगीत टाकले पोर;
पाहते तो स्वतःचेच!
शत्रूचे जिवाला घोर.

भाऊ ओळखी न भावा,
मान उडवितो त्याची;
सांगते मग म्हातारी,
“होती गोष्ट सांगायाची!”

मंडळी हसली आणि मुख्य म्हणजे गोष्ट कळली. मग मी तबकडी लावली. जिप्सी लोक ऐरणीवर घण घालत गातात तो समूहगीताचा भाग आला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी चहाच्या बशीवर चमचा वाजवू लागल्या आणि त्यांचा ठोका घणाच्या ठोक्यावर नेमका पडत होता. शेवटी आई कैदेत अर्धवट झोपेत आपल्या डोंगरांची आठवण काढते आणि मुलगा तिला धीर देतो, त्या जागी खोलीत कोणी हलले नाही. थोड्या वेळापूर्वी याच आईला आम्ही सर्वांनी मिळून हसलो होतो. हे मी त्या दिवशी नुसते पाहिले, त्याचा विचार पुढे करावा लागला.

या निमित्ताने अष्टाक्षरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचे चार महिने मी बोटे मोजत काढले. ओळीत आठ अक्षरे, जोडाक्षर एकच धरायचे, लघुगुरूची कटकट नाही. असा हा आपला जुना, गरिबाघरचा छंद आहे आणि थट्टेला तो फार मानवतो, कारण ओळ इतकी आखूड असते की तिच्यात मोठेपणाचा आव आणायला जागाच उरत नाही. अडचण होते ती इटालियन नावांची. ‘इल त्रोवातोरे’ला सहा अक्षरे लागतात, मग उरलेल्या दोन अक्षरांत बोलायचे काय? ‘ला त्राव्हियाता’ पाच अक्षरांवर भागते, ‘रिगोलेत्तो’ चारांत, ‘आईदा’ तर तीनच अक्षरांत आटोपते. सगळ्यांत गंमत झाली ती ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ची, म्हणजे ‘नियतीचा जोर’ या नावाच्या ऑपेराची. मोजून पाहावे, नेमकी आठ अक्षरे! नुसते नाव लिहिले की ओळ तयार. आणि दैवयोग असा की 1862 मध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झालेला हा ऑपेरा इटलीतल्या नाटकमंडळींत अपशकुनी समजला जातो. त्याचे नाव तोंडातून काढायचे झाले, तर माणसे आडवळणाने काढतात. न्यूयॉर्कमध्ये 1960 साली याच ऑपेराच्या प्रयोगात लिओनर्ड वॉरन हा नामांकित गायक रंगमंचावर कोसळला आणि गेला, तेव्हापासून ती समजूत अधिकच घट्ट झाली. आयती मिळालेली ती ओळ मी वहीत लिहिली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि पान उलटले. मी अंधश्रद्धाळू नाही. पण माझे वय साठ आहे.

‘रिगोलेत्तो’ मात्र आठ अक्षरांत सहज उतरला, कारण त्याच्या गोष्टीला मुंबईच्या वर्तमानपत्रांतला शब्द चपखल लागतो. मांतुआच्या ड्यूकच्या पदरी असलेला विदूषक इतरांच्या लेकीबाळींची टिंगल करत असतो आणि स्वतःची लेक घरात लपवून ठेवतो. ड्यूक तिलाच नादी लावतो. बाप मारेकऱ्याला पैसे मोजतो. पोरगी ड्यूकवरच्या प्रेमापायी त्याच्या जागी स्वतः सुरी खाते.

विदूषकाने सुपारी
दिली ड्यूक मारण्याची;
पोत्यामध्ये आली हाती
लाडकी लेक तयाची.

नदीकाठी दूरवर
गातो ड्यूक तेच गाणे:
“बाई चंचल, चंचल”;
चळे कोण, देव जाणे!

ते गाणे जगाला पाठ आहे. मोबाइलच्या घंटीत, पिझ्झाच्या जाहिरातीत, लिफ्टमध्ये, कुठेही ते ऐकू येते, आणि 1851 मध्ये व्हेनिसला पहिला प्रयोग होण्याआधी ते शहरभर फुटू नये म्हणून व्हेर्दीने ते शेवटपर्यंत दडवून ठेवले होते, अशी आख्यायिका सांगतात. परंतु आपण ते लिफ्टमध्ये ऐकतो तेव्हा एक गोष्ट निसटते. व्हेर्दीने हे उडते गाणे शेवटच्या अंकात पुन्हा आणले आहे. बाप पोते ओढत नदीकडे निघाला आहे, आत ड्यूकचे प्रेत आहे अशा समजुतीने तो छाती फुगवून उभा आहे, आणि तेवढ्यात लांबून ड्यूकचा ठणठणीत आवाज येतो, तेच गाणे गुणगुणत. मग पोत्यात कोण? सगळ्या ऑपेरात याहून भयंकर जागा मला माहीत नाही, आणि ती उभी राहते ती एका थिल्लर चालीवर. चाल थिल्लर नसती तर अंगावर काटा आला नसता. मी माझ्या ओळी वाचून दाखवल्यावर लोक हसले ते ‘सुपारी’ला, गाणे दुसऱ्यांदा लागले तेव्हा काका पुढे झुकून बसले होते आणि त्यांच्या हातातले खारे शेंगदाणे हातातच राहिले होते.

‘बाल्लो इन मास्केरा’ म्हणजे ‘मुखवट्यांचा नाच’ याच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, कारण तिथे विनोद माझ्या आधीच सरकारने करून ठेवला आहे. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह याच्यावर 1792 मध्ये स्टॉकहोमला मुखवट्यांच्या नाचात गोळी झाडली गेली, ही खरी घटना. व्हेर्दी तिच्यावर नेपल्ससाठी ऑपेरा करायला बसला, आणि नेमक्या त्याच वेळी, जानेवारी 1858 मध्ये, पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बाँब फेकले गेले. रंगमंचावर राजा मारायचा नाही, असे परीक्षकांनी ठणकावले. भांडणे झाली, कोर्टकज्जे झाले, आणि शेवटी 1859 मध्ये रोमला प्रयोग झाला तो असा:

राजा होता स्वीडनचा,
परवाना नाही झाला;
बोस्टनचा गव्हर्नर
बनुनी बिचारा मेला.

मरण टळले नाही, फक्त बदली झाली. राजाविरुद्ध कट करणाऱ्या दोन स्वीडिश सरदारांची नावे बदलून सॅम्युएल आणि टॉम अशी ठेवावी लागली, आणि ते दोघे अजूनही गंभीर चेहऱ्याने, खर्जात, इटालियन भाषेत बोस्टनमध्ये कट करतात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ज्यांनी कधी संहिता दाखल केली आहे, त्या आपल्या नाटकवाल्यांना व्हेर्दीचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ऑपेराची अशी फजिती करणारा मी पहिला नव्हे, हे उघड आहे. लंडनमध्ये तर एकोणिसाव्या शतकात हा धंदाच होता. ‘त्रोवातोरे’चे विडंबन हेन्री जेम्स बायरन याने 1863 मध्ये तिथल्या रंगभूमीवर आणले, त्याच्या नावातच ‘इल’ या शब्दावर कोटी होती. आणि गिल्बर्ट या इंग्रज नाटककाराने तान्ह्या मुलांची अदलाबदल ही युक्ती आपल्या सुखान्त संगीतिकांत इतक्यांदा वापरली की ती हास्यास्पद होऊन गेली. इंग्रजांची ही थट्टा खुसखुशीत आहे, पण ती लांबून केलेली आहे. मला जिने गाठले ती कविता खुद्द इटलीतली निघाली.

जुझेप्पे जुस्ती हा तोस्कानातला उपरोधिक कवी, व्हेर्दीपेक्षा चार वर्षांनी मोठा. 1845 मध्ये तो मिलानला गेला होता, आणि मिलान त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. तिथल्या सांत’आंब्रोज्यो या जुन्या चर्चमधला एक प्रसंग त्याने कवितेत सांगितला आहे. कविता एका बड्या सरकारी अधिकाऱ्याला उद्देशून आहे, ‘हुजूर, आपली माझ्यावर खप्पा मर्जी आहे’ अशा नाटकी नम्रतेने ती सुरू होते. कवी चर्चमध्ये शिरतो तर ते परक्या शिपायांनी गच्च भरलेले. खुंटासारखे उभे राहिलेले, तागाच्या मिशांचे शिपाई. त्यांच्या श्वासाची अशी दुर्गंधी की मोठ्या वेदीवरच्या मेणबत्त्यासुद्धा चरबीच्या वाटाव्यात! कवी तोंड वेंगाडून, अंग चोरून उभा राहतो. इथपर्यंत हे खास टवाळखोर पद्य आहे. मग शिपायांचा बँड वाजू लागतो, आणि तो वाजवतो व्हेर्दीच्या ‘लोंबार्दी’ या ऑपेरातले समूहगीत. तहानलेले, घरापासून दूर आलेले यात्रेकरू देवाला हाक घालतात ते. कवीचा ताठा वितळतो. त्यानंतर शिपाई आपल्या जर्मन भाषेत एक संथ प्रार्थना म्हणतात आणि कवीच्या मनात येते की ही पोरेही आपापल्या आईला सोडूनच इथे आणली गेली आहेत. त्यांना आमचा राग नाही, आम्हाला त्यांचा नाही, दोघांनाही राबवणारा तिसराच आहे. आता इथून पळालो नाही तर मी एखाद्या कॉर्पोरलला मिठी मारीन, असे म्हणून तो खरोखर काढता पाय घेतो. तो कॉर्पोरल हातात हेझेलची छडी घेऊन मेखेसारखा ठोकून उभा आहे, आणि कविता त्याच्यावरच संपते.

ही कविता मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यातल्या राजकारणाने भारावलो होतो. आता बोटांवर आठ-आठ अक्षरे मोजून झाल्यावर वाचली, तेव्हा वेगळेच दिसले. जुस्ती टवाळीची सामग्री घेऊन आत गेला होता. ती त्याने वापरलीसुद्धा, अगदी मिशांपासून मेणबत्त्यांपर्यंत. व्हेर्दीचे गाणे सुरू झाल्यावर ती खोटी ठरली नाही. मिशा तागाच्याच राहिल्या, कॉर्पोरल मेखेसारखाच राहिला. फक्त हसणाऱ्याचे हात रिकामे झाले. चमचा वाजवणाऱ्या मावशी आणि शेंगदाणे धरून बसलेले काका मला तेव्हा नीट कळले.

आणि तरीही ‘त्राव्हियाता’च्या वेळी मी व्हायची ती चूक केलीच. व्हिओलेत्ता ही पॅरिसमधली नावाजलेली गणिका, तिला क्षय झालेला. प्रियकराच्या बापाच्या शब्दाखातर ती प्रेमावर पाणी सोडते आणि शेवटच्या अंकात भरघोस गाऊन मरते. मी लिहिले:

खोकत खोकत गाते,
गात गात जीव जातो;
इतका दम असता
तर क्षय कसा होतो?

या ओळींवर मी फार खूश होतो. नाटकमंडळींच्या जमान्यात मरता मरता पद म्हणणारा राजा वन्समोअर आला की उठून पुन्हा गात असे आणि मग रीतसर पुन्हा मरत असे, हे ऐकत आपण वाढलो. त्यामुळे हा विनोद मंडळींना लगेच पोचला. हशा झाला. परंतु त्याच आठवड्यात या ऑपेराचा इतिहास पुन्हा चाळताना मला कळले की माझा विनोद पावणेदोनशे वर्षांचा शिळा आहे. 6 मार्च 1853 रोजी व्हेनिसच्या फेनिचे नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हा नायिकेचे काम करणारी फान्नी साल्विनी-दोनातेल्ली अडतीस वर्षांची आणि अंगाने चांगली भरलेली होती. तिचे गाणे पहिल्या अंकात लोकांनी उचलून धरले. पण शेवटच्या अंकात डॉक्टर हळूच सांगतो की क्षयाने हिला आता काही तासच ठेवले आहेत, तेव्हा प्रेक्षागृहात हशा पिकला, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीने आपल्या शिष्याला कळवले की काल ‘त्राव्हियाता’ साफ पडली, दोष माझा की गायकांचा हे काळ ठरवील. चौदा महिन्यांनी, त्याच व्हेनिसमध्ये, दुसऱ्या नाट्यगृहात, थोड्या दुरुस्त्या करून तीच ‘त्राव्हियाता’ लागली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

या ऑपेरात व्हेर्दीचे स्वतःचे बरेच काही गुंतले होते, असे मानणारे पुष्कळ आहेत. तो तेव्हा जुझेप्पीना स्त्रेप्पोनी या गायिकेबरोबर लग्नाशिवाय राहत होता आणि रोंकोलेजवळच्या बुस्सेतो या गावच्या लोकांनी तिला वाळीत टाकल्यासारखे वागवले होते. चर्चमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नसे म्हणतात. ती आधी ‘नाबुक्को’ची नायिका होती, आणि 1842 मध्ये त्याच ऑपेराने व्हेर्दीला नाव मिळवून दिले होते. दोघांनी लग्न केले ते थेट 1859 मध्ये.

तरी माझ्या ओळी मोडीत निघाल्या त्या इतिहासामुळे नव्हे. शनिवारी शेवटचा अंक लागला. व्हिओलेत्ता अंथरुणावर आहे, सगळे भोवती जमले आहेत, आणि मरणाच्या काही क्षण आधी ती एकाएकी उठते. दुखणे थांबले, अंगात बळ आले, मी जगणार, असे म्हणते, सूर चढत जातो, आणि ती कोसळते. तबकडी संपल्यावर मावशी म्हणाल्या, “माझी आत्या क्षयाने गेली. शेवटच्या दिवशी सकाळी तिला एकदम बरं वाटलं होतं. उठून बसली, म्हणाली वेणी घाल. माझ्या आईनं घातली. अंबाड्याला फूलसुद्धा मागितलं तिनं. दुपारी गेली.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “दम असतो हो तेवढा.”

त्या चार ओळी वहीत आहेत. मी त्या खोडल्या नाहीत, कारण त्या वाईट नाहीत. पण पुन्हा वाचून दाखवल्याही नाहीत.

‘फाल्स्ताफ’वर तर मला चार ओळीसुद्धा जमल्या नाहीत, आणि त्याचे कारण अगदी उलटे आहे. व्हेर्दीने पहिला विनोदी ऑपेरा लिहिला तो 1840 मध्ये, आणि विनोदासाठी त्याहून क्रूर वेळ शोधून सापडली नसती. 1838 च्या ऑगस्टमध्ये त्याची मुलगी गेली होती, 1839 च्या ऑक्टोबरमध्ये मुलगा, आणि ऑपेराचे काम हातात असतानाच, जूनमध्ये, त्याची बायको मार्गेरिता गेली. करारामुळे काम सोडता येईना. सप्टेंबरमध्ये मिलानच्या स्काला नाट्यगृहात तो ऑपेरा लागला आणि पहिल्याच रात्री पडला. पुढे म्हातारपणी आठवणी सांगताना व्हेर्दीने म्हटले की माझी तिन्ही माणसे दोन-अडीच महिन्यांत गेली. तारखा पाहिल्या तर मधे जवळजवळ दोन वर्षे जातात. हिशेबाला इतका पक्का माणूस इथे चुकला. त्यानंतर त्रेपन्न वर्षे त्याने विनोदी ऑपेराला हात लावला नाही. मग 1893 मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्याने ‘फाल्स्ताफ’ आणला, आणि त्याच्या शेवटी सगळ्या पात्रांना पुढे उभे करून, ‘जगात सारी थट्टाच’ या शब्दांवर एक काटेकोर फ्यूग गायला लावला. एकाने थट्टेची ओळ उचलायची, दुसऱ्याने तिच्या मागोमाग तीच पकडायची, तिसऱ्याने दोघांना गाठायचे. संगीतातला सर्वांत कडक शिस्तीचा प्रकार त्याने खिदळण्यासाठी वापरला. माझ्या वहीत एवढेच आहे:

ऐंशी वर्षांचा म्हातारा
हसला खोखो अखेर;

पुढे काही सुचले नाही. सगळ्यांच्या आधी स्वतःच हसून मोकळ्या झालेल्या माणसाची थट्टा करायला फट सापडत नाही. दोन ओळी पुष्कळ झाल्या. वर्ष एक जास्त झाले आहे, पण ‘एकोणऐंशी’ला अक्षरे पाच लागतात.

राहिला ‘आईदा’. इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, दीड लाख फ्रँक मोजून हा ऑपेरा लिहवून घेतला. प्रशियाच्या वेढ्यात पॅरिस सापडले, तेव्हा तिथे तयार झालेले पडदे आणि पोशाख आतच अडकले. शेवटी 24 डिसेंबर 1871 रोजी कैरोला पहिला प्रयोग झाला. लोकांना ‘आईदा’ म्हटले की दुसऱ्या अंकातली विजययात्रा आठवते. व्हेरोनाच्या रोमनकालीन उघड्या आखाड्यात 1913 पासून ‘आईदा’चे प्रयोग होतात आणि तिथे या यात्रेला माणसे किती उभी करावीत याला धरबंध नसतो; हत्ती-उंट आणण्याचाही सोस अनेकांनी पुरवून घेतला आहे. मीही गंमत म्हणून तिथूनच सुरुवात केली:

हत्ती, उंट, फौजफाटा
चाले वाजत गाजत;
शेवटी उरती दोघे
भुयारी श्वास मोजत.

तिसऱ्या ओळीला गंमत संपली, आणि ती मी संपवलेली नव्हती. ऑपेराच तसा आहे. अर्धे इजिप्त रंगमंचावर नाचवून झाल्यावर व्हेर्दी शेवटी सगळ्यांना घालवून देतो, दोन माणसांना जिवंत चिणलेल्या तळघरात ठेवतो आणि त्यांना अगदी हलक्या आवाजात गायला लावतो.

गंमत हवी तर ती ‘आईदा’च्या हिशेबात आहे. मे 1872 मध्ये प्रॉस्पेरो बेर्तानी नावाचा एक गृहस्थ रेज्जोहून आगगाडीने पार्माला ‘आईदा’ पाहायला गेला. आवडले नाही. सगळे वाखाणत होते, म्हणून आपलेच चुकले असेल असे समजून तो दोन दिवसांनी पुन्हा गेला. पुन्हा आवडले नाही. मग त्याने थेट व्हेर्दीला पत्र लिहिले की खर्च झालेला पैसा रात्री भुतासारखा माझ्या छातीवर बसतो, तरी तो परत पाठवावा. आणि सोबत बिल जोडले. जाण्याचे गाडीभाडे 2.60 लिरा, परतीचे 3.30, नाटकाचे तिकीट 8, आणि स्टेशनवरचे अत्यंत वाईट जेवण 2, एकूण 15.90, गुणिले दोन, म्हणजे 31.80. व्हेर्दीला एव्हाना सगळी युरोप ओळखत होती, पण तो स्वतःला रोंकोलेचा शेतकरीच म्हणवत असे आणि आपल्या शेतीवाडीचा हिशेब स्वतः पाहत असे. त्याने प्रकाशकाला कळवले की या पोराला भुतांपासून सोडवायला हवे, त्याला माझ्या खात्यातून 27.80 लिरा द्या. जेवणाचे चार लिरा मात्र त्याने कापले. ते त्याला घरी जेवता आले असते. पैशांच्या बदल्यात रीतसर पावती घ्या आणि माझा नवा ऑपेरा पुन्हा ऐकायला जाणार नाही असे लेखी घ्या, हेही बजावले. बेर्तानीने सही केली, पण तोही काही कच्चा नव्हता. महाराजांनी खर्च सोसला तर गोष्ट वेगळी, अशी पुस्ती त्याने जोडली.

गाडीभाडे, तिकीट नि
जेवणाचे द्या हो पैसे;
व्हेर्दी म्हणे, “गाणे माझे,
जेवणाचे माझे कैसे?”

या ओळींना मंडळात आजवरचा सर्वांत मोठा हशा मिळाला. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी बिलाचा तपशील माझ्याकडून पुन्हा एकदा विचारून घेतला आणि बेरीज मनाशी ताडून पाहिली. ते आयुष्यभर हिशेबनीस होते.

परवा सकाळी दाराखालून एक कागद आत सरकवलेला मिळाला. काकांचे तिरपे, रेखीव अक्षर. ‘श्री. हिरवे यांचे संगीत ऐकण्याप्रीत्यर्थ झालेला खर्च’ असे शीर्षक, खाली दोन रेघा. पाच शनिवारांचे प्रत्येकी अडीच तास. जिना चढल्यामुळे गुडघ्याला लावलेले मलम, एक ट्यूब. ‘त्राव्हियाता’च्या रात्री झोप न आल्याने दुसऱ्या दिवशी हुकलेले सकाळचे फिरणे. खारे शेंगदाणे, न खाल्लेले, पाव किलो. सर्वांत खाली लाल शाईने: ‘जेवण घरी केले असल्यामुळे आकारलेले नाही. पावती द्यावी. पुढच्या शनिवारी ओतेल्लो लावणार असे ऐकतो. त्यात कोण कोणाचा भाऊ, ते आधी कळवावे.’